पाजणाऱ्यांच्या चालीने

दूध हे असे अन्न आहे की, ते मिळवण्यासाठी कोणाचा जीव घ्यावा लागत नाही, असे आपण सर्वजण गृहीत धरून चालतो. मांसाहाराविषयी ज्याच्या मनात थोडीफार चलबिचल आहे तो मनुष्यही दुधाविषयी निश्चिंत असतो. तान्ह्या बाळाला दूध, आजाऱ्याला दूध, दारी आलेल्या पाहुण्याला दुधाचा चहा, उपासना संपल्यावर मंदिराच्या आवारात मंडळीला चहा. यात कोणाचे काही बिघडले असे आपल्या मनातही येत नाही. पवित्र शास्त्राने तर दुधाला आशीर्वादाचे चिन्ह मानले आहे. देवाने आपल्या लोकांना देऊ केलेल्या देशाचे वर्णन दूध व मध यांनीच केले आहे (निर्गम ३:८). अब्राहामाने मम्रेच्या झाडांखाली आपल्या पाहुण्यांपुढे दही व दूध ठेवले (उत्पत्ती १८:८).

असे असता अलीकडे आपल्या मंडळ्यांतील तरुण मुले-मुली दुधाविषयी प्रश्न विचारू लागली आहेत. गाय आपण होऊन दूध देते काय? तिच्या वासराचे काय होते? गोऱ्हा झाला तर त्याला कोण सांभाळतो? ख्रिस्ती मनुष्याने या गोष्टींचा विचार करावा काय, की हा सारा पाश्चात्त्य देशांतून आलेला एक नवा नाद आहे? वडीलधारी माणसे बहुधा हसून हा विषय सोडून देतात. शिवाय आपल्या देशात 'गाय' हा शब्द उच्चारताच वादाचा धूर उठतो, आणि अल्पसंख्य ख्रिस्ती मनुष्य अशा वेळी गप्प बसणे सुरक्षित समजतो. परंतु प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. ज्या ग्रंथावर आपला विश्वास उभा आहे तो ग्रंथ गुराढोरांविषयी गप्प बसलेला नाही. म्हणून हे प्रश्न एकेक करून, शांत चित्ताने पाहू.

गाय दूध केव्हा देते?

शहरात वाढलेल्या पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की, जसे आंब्याच्या झाडाला आंबे तसे गाईला दूध. वस्तुस्थिती अशी की गाय दूध देते ती व्याली म्हणून. जी कधी व्याली नाही त्या कालवडीला दूध नाही. गाय नऊ महिने नऊ दिवस आणि म्हैस दहा महिने दहा दिवस गाभण राहते, असा आपल्या शेतकऱ्यांचा जुना हिशोब आहे, व तो शास्त्रीय हिशोबाशी जवळजवळ जुळतो. व्याल्यानंतर गाय सुमारे दहा महिने दूध देते. मात्र किफायतशीर धंदा करावयाचा तर ती पुन्हा आटण्याची वाट पाहून चालत नाही; व्याल्यापासून दोनतीन महिन्यांत तिला पुन्हा गाभण करावे लागते. पुढच्या वेताआधीचे सुमारे दोन महिने तिला आटवतात, म्हणजे तिच्या शरीराला थोडी उसंत मिळते. याचा अर्थ असा की चांगल्या चाललेल्या गोठ्यातील गाय वर्षातील बराच काळ एका वासराचे दूध देत असते आणि त्याच वेळी दुसरे वासरू पोटात वाढवत असते.

यातून एक साधे गणित निघते व पुढील सारा विचार त्यावर उभा आहे. दुधाच्या प्रत्येक वेतामागे एक वासरू आहे. जितके दूध, तितकी वासरे. त्यांपैकी निसर्गनियमाने निम्मी कालवडी असतात आणि निम्मे गोऱ्हे.

आपल्या देशाने या क्षेत्रात जे साधले ते लहान नाही. १९४६ मध्ये गुजरातेतील खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी दूध संघ उभा राहिला. पुढे डॉ. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली १९७० ते १९९६ या काळात 'दुधाचा महापूर' ही योजना राबवली गेली. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे १ कोटी ७० लाख टन दूध होत असे. २०२३-२४ मध्ये ते सुमारे २३ कोटी ९३ लाख टन झाले. १९९८ पासून भारत दूध उत्पादनात जगात पहिला आहे. हे दूध मुख्यतः मोठ्या कारखान्यांतून येत नाही. दोनचार जनावरे बाळगणाऱ्या घरांतून येते. अनेक विधवांची चूल आणि अनेक मुलांची शाळा या दुधावर चालली. तेव्हा दूधधंद्याला नावे ठेवणे सोपे असले तरी ते न्यायाचे होणार नाही. देवाने दिलेल्या भाकरीचा हा एक मार्ग आहे, आणि म्हणूनच त्या मार्गावर कोण तुडवले जात आहे हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

शास्त्रातील एक शब्द

जुन्या कराराच्या इब्री भाषेत 'आलोत' असा एक शब्द आहे. तो फार थोड्या ठिकाणी येतो, परंतु जेथे येतो तेथे मन थांबते. त्याचा अर्थ, पाजणाऱ्या माद्या. मराठीत आपण सहज 'दुभती जनावरे' असे म्हणू, व ते चूकही ठरणार नाही. तथापि दोन्ही शब्दांची तोंडे निरनिराळ्या दिशांना आहेत. 'दुभती' हा शब्द चरवी हातात घेतलेल्या माणसाच्या बाजूने बोलतो. ती मला काय देते, हे त्यात सांगितले आहे. 'आलोत' हा शब्द पिलाच्या बाजूने बोलतो. ती आपल्या लेकराला पाजते, हे त्यात सांगितले आहे. याच धातूपासून तान्ह्या बाळाला इब्रीत शब्द आला आहे. आई आपल्या तान्ह्याला एक वेळ विसरेल, परंतु देव विसरणार नाही, असे यशया ४९:१५ मध्ये जे आश्वासन आहे, तेथील तान्हे बाळ याच घराण्यातील शब्दाचे आहे.

हा शब्द प्रथम याकोबाच्या तोंडी येतो. वीस वर्षांनी भाऊ भेटला आहे. एसाव म्हणतो, चल, आपण बरोबर जाऊ. याकोब उत्तर देतो की मुले कोवळी आहेत आणि माझ्याबरोबर पाजणारी मेंढरे व गुरे आहेत. एक दिवस जरी त्यांना दामटले तरी सारा कळप मरेल. तू पुढे हो, मी गुरांच्या आणि मुलांच्या चालीने सावकाश येतो (उत्पत्ती ३३:१३-१४). मूळ भाषेत 'चाली'च्या जागी 'पाय' हा शब्द आहे. म्हणजे त्यांचे पाय जसे पडतील तसा मी येईन. याकोबाच्या मनात त्या क्षणी भावाचे भयही असावे, हे टीकाकार सांगतात व ते खरेही असेल. परंतु त्याने दिलेले कारण एसावाला पटण्याजोगे होते. कळपाचा वेग पाजणारीच्या पावलाने ठरतो, हा मेंढपाळांचा सर्वमान्य नियम होता.

पुढे हाच शब्द दाविदाच्या संबंधात येतो. देवाने त्याला राजासनासाठी निवडले तेव्हा पाजणाऱ्या मेंढ्यांच्या मागून त्याला आणले (स्तोत्र ७८:७१). राज्य चालवण्याचे त्याचे शिक्षण कोठे झाले, तर जी सर्वांत हळू चालते तिच्या मागे चालण्यात झाले. आणि शेवटी हा शब्द खुद्द परमेश्वराच्या वर्णनात येतो. तो मेंढपाळासारखा कोकरांना उराशी धरील आणि पाजणाऱ्यांना सांभाळून नेईल, असे यशया सांगतो (४०:११). याकोबाने जे सांगितले, दावीद जे शिकला, तेच देव करतो.

हंबरत गेलेल्या गाई

परंतु पवित्र शास्त्र या शब्दाची केवळ गोड बाजू दाखवत नाही. पलिष्ट्यांनी कराराचा कोश परत पाठवला त्या प्रसंगी त्यांनी दोन पाजणाऱ्या गाई निवडल्या. त्यांच्या मानेवर कधी जू ठेवलेले नव्हते. त्यांना गाडीला जुंपले आणि त्यांची वासरे घरी कोंडून ठेवली (१ शमुवेल ६:७-१२). परीक्षा अशी होती की गाय स्वभावतः वासराकडे परतणारच. ती उलट दिशेस गेली तर हे देवाचेच काम. त्या गाई सरळ बेथ-शेमेशच्या रस्त्याने गेल्या. उजवीडावीकडे वळल्या नाहीत. पण जाताना त्या हंबरत होत्या.

हा शेवटचा तपशील लेखकाने गाळला असता तरी कथेला बाध आला नसता. कोश पोहोचला, लोकांना आनंद झाला, एवढे पुरे होते. तरी पवित्र आत्म्याने त्या दोन मुक्या मातांचे हंबरणे नोंदवून ठेवले. देवाचे काम करण्यास निघालेल्या गाईही आपल्या वासरांना विसरल्या नव्हत्या. त्या गाई पुढे होमार्पणात गेल्या. घरी कोंडलेल्या वासरांचे काय झाले हे शास्त्र सांगत नाही. दूध पिणाऱ्या आपणांपैकी किती जणांनी त्या वासरांविषयी कधी विचारले आहे?

वासराचा वाटा

मोशेच्या नियमशास्त्रात वासराच्या बाजूने तीन आज्ञा आहेत. नवजात वासरू किंवा कोकरू सात दिवस आपल्या आईजवळ राहावे (निर्गम २२:३०, लेवीय २२:२७). गाय आणि तिचे पिलू यांना एकाच दिवशी कापू नये (लेवीय २२:२८). करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, आणि ही आज्ञा तर एकदा सोडून तीनदा दिली आहे (निर्गम २३:१९, ३४:२६, अनुवाद १४:२१). या तिसऱ्या आज्ञेमागे कनानी लोकांची काही विधिपद्धती होती काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. जे दूध पिलाच्या जीवनासाठी निर्माण झाले त्यालाच त्याच्या मरणाचे साधन करणे हे देवाला खपत नाही.

सात दिवसांच्या आज्ञेचा हेतू आरोग्यशास्त्रीय होता असा दावा मी करणार नाही. शास्त्राकडून ते न बोललेले वदवून घेणे भाषांतरकाराने तरी टाळावे. परंतु आज आपल्याला ठाऊक आहे की गाईच्या उदरात असताना वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती त्याला जन्मानंतर पहिल्या काही तासांत चिकातून मिळावी लागतात. आपण आवडीने खातो तो खरवस याच चिकाचा. वासरू पोटभर प्याल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस झाला तर त्यात काही वावगे नाही. वासराला उपाशी ठेवून झालेल्या खरवसाविषयी मात्र आपण स्वतःला विचारावे.

आपल्या खेड्यांत एक जुनी रीत होती व काही घरांत ती अजून आहे. धार काढताना गाईचा एक सड वासरासाठी सोडावयाचा. ज्यांनी ही रीत घातली त्यांनी लेवीय वाचले नव्हते. परंतु देवाने त्यांच्या अंतःकरणावर काही लिहिले होते, असे रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या आधारे आपण म्हणू शकतो.

याच्या उलट चालीही आहेत. वासरू मेले तर गाय पान्हा चोरते. मग काही ठिकाणी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करतात. ती त्याला चाटते, आणि पान्हा सोडते. पूर्वी शहरांतील गोठ्यांत फुंका घालण्याचा क्रूर प्रकार चाले. महात्मा गांधींनी १९१२ मध्ये दूध सोडले त्यामागे कलकत्त्याच्या गोठ्यांतील अशा क्रौर्याचे वर्णन हे एक कारण होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमाने फुंका आणि दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असे कोणतेही इंजेक्शन यांस बंदी घातली आहे. तरी ऑक्सिटोसिनची सुई टोचून पान्हा सोडवण्याचा प्रकार थांबलेला नाही. वासराने ढुशी दिल्यावर गाईच्या शरीरात जे द्रव्य प्रेमाने स्रवते, तेच बाहेरून टोचून काढावयाचे, म्हणजे वासराची गरजच उरत नाही. ज्याची गरज उरत नाही त्याला पाजण्याची निकड कोणाला राहील?

गोऱ्ह्याचे काय?

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. जोवर शेती बैलांवर होती तोवर गोऱ्हा हे घराचे धन होते. ट्रॅक्टर आला आणि त्याची किंमत उतरली. त्यात संकरित गोऱ्ह्याचे वशिंड लहान, त्यामुळे मानेवर जू नीट ठरत नाही, आणि तो उन्हात लवकर धापा टाकतो.

या संकराच्या कार्यात मिशनचाही हात आहे, हे आपण विसरू नये. सॅम हिगिनबॉटम या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याने १९१० मध्ये अलाहाबादजवळ शेतकी शिक्षणाची संस्था काढली. भुकेल्यांना अन्न मिळावे हीच त्यामागची तळमळ होती. जर्सी आणि लाल सिंधी यांच्या संकरातून निघालेली 'जरसिंध' गाय त्याच संस्थेतील कामाचे फळ होय. त्या कार्याचा आपणांस अभिमान आहे. मग त्याच कार्यातून जो अनाथ निर्माण झाला त्याच्याकडे पाठ फिरवणे आपणांस शोभणार नाही.

२०१९ च्या पशुगणनेचे आकडे बोलके आहेत. देशात गोवंशातील माद्या सुमारे १४ कोटी ५० लाख होत्या, तर नर सुमारे ४ कोटी ७० लाख. म्हशींमध्ये हे अंतर याहूनही मोठे आहे. देव तर नर-मादी जवळजवळ सारख्याच संख्येने जन्मास घालतो. मग राहिलेले नर कोठे गेले? काही कसाईखान्यात गेले. काही रस्त्यावर सोडले गेले. त्याच गणनेत मोकाट गुरांची संख्या ५० लाखांहून अधिक भरली. आणि पुष्कळसे, विशेषतः रेडे, गोठ्याच्या कोपऱ्यात दोरीला बांधलेले, उपाशी मेले. त्यांना कोणी मारले नाही. फक्त कोणी पाजले नाही.

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी केली, आणि २०१५ पासून ती बैल व वळू यांनाही लागू झाली. या कायद्याच्या बाजूने व विरुद्ध पुष्कळ बोलले गेले आहे, त्यात मी भर घालत नाही. नैतिक दृष्टीने एवढेच पाहावे की कायदा एका प्रकारच्या मरणाला आडवा येऊ शकतो. कोणालाही घासभर वैरण घालू शकत नाही. ते काम अंतःकरणाचे आणि खिशाचे आहे.

पौलाचा युक्तिवाद

कोणी म्हणेल, पौलाने तर मळणीच्या बैलाला मुसके न बांधण्याची आज्ञा (अनुवाद २५:४) उचलून, देवाला खरी काळजी बैलांची नसून आपली आहे असे सुचवले (१ करिंथ ९:९-१०). मग गुरांच्या प्रश्नात एवढे खोल का जावे?

पौलाची रीत रब्बींची आहे. लहान गोष्टीवरून मोठीकडे जावयाचे. बैलाला त्याच्या श्रमाचा वाटा मिळणे जर न्यायाचे, तर सुवार्तेसाठी राबणाऱ्याला मिळणे किती अधिक न्यायाचे. मूळची आज्ञा बैलाच्या हिताची नसेल तर हा युक्तिवादच कोसळतो. जिन्याची वरची पायरी दाखवणारा खालची पायरी मोडत नसतो. निनवेविषयी योनाशी बोलताना देवाने त्या नगरातील मोठ्या मनुष्यसंख्येबरोबर गुराढोरांचाही उल्लेख केला, आणि ते पुस्तक त्याच शब्दांपाशी संपते (योना ४:११). शब्बाथाच्या आज्ञेत बैल आणि गाढव यांच्या विसाव्याची तरतूद आहे (अनुवाद ५:१४).

त्याच अध्यायात पौल आणखी एक गोष्ट विचारतो. कळप पाळणारा त्याचे दूध पीत नाही काय (१ करिंथ ९:७)? दूध पिण्याचा मनुष्याचा हक्क येथे स्पष्ट मान्य केला आहे. पण तो हक्क कोणाचा? पाळणाऱ्याचा. शास्त्राने दुधाचा हक्क पालनाशी बांधून टाकला आहे.

आपले जनावर म्हणजे कोणाचे?

नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमान मनुष्याचे एक लक्षण दिले आहे. मराठीत त्याचा आशय, तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असा होतो. मूळ इब्रीत क्रियापद 'जाणणे' हे आहे. तो आपल्या जनावराचा 'नेफेश', म्हणजे जीव, जाणतो. हीच जोडी, 'जाणणे' आणि 'नेफेश', निर्गम २३:९ मध्ये येते. तेथे देव इस्राएलास सांगतो की परक्यावर जुलूम करू नका, कारण परक्याचा जीव तुम्ही जाणता. तुम्हीही मिसर देशात परके होता. म्हणजे हे जाणणे पुस्तकी माहितीचे नाही. दुसऱ्याच्या जागी उभे राहिल्यावर जे कळते ते हे जाणणे. आणि यशयाच्या पहिल्याच अध्यायात बैलही आपल्या धन्याला जाणतो असे म्हटले आहे (१:३). तेथेही क्रियापद तेच. बैल जाणतो, आणि नीतिमान मनुष्य जाणतो. गोठा हे दोन जाणणाऱ्यांचे घर आहे.

आता पुण्यात, इंदुरात, बडोद्यात किंवा बंगळूरात सकाळी दुधाची पिशवी घेणारा ख्रिस्ती वाचक म्हणेल, माझे तर जनावरच नाही. हे वचन शेतकऱ्यासाठी आहे. येथेच आपल्या विवेकाची खरी कसोटी आहे. थोडा हिशोब करू. वासराला रोज त्याच्या वजनाच्या सुमारे एक दशांश दूध लागते. पंचवीस किलोच्या गोऱ्ह्याला अडीच लिटर. दोन महिने पाजावयाचे तर दीडशे लिटर. शेतकऱ्याला लिटरमागे ३० रुपये मिळतात असे धरले तर साडेचार हजार रुपये, आणि तेही ज्याच्यापासून पुढे एक पैसा मिळणार नाही अशा जिवासाठी. ज्याच्या घरी सरकी-पेंडीची उधारी थकली आहे तो शेतकरी हा खर्च कोठून करील? तो गोऱ्ह्याला पाजत नाही तेव्हा त्याचे मन दगडाचे झालेले असते असे नाही. जुलै २०१८ मध्ये महाराष्ट्रात दूध उत्पादकांनी भावासाठी आंदोलन केले आणि रस्त्यावर दूध ओतले. ते पाहून आपण हळहळलो. पण भाव दोन रुपयांनी वाढला की सर्वांत आधी कुरकुर कोण करते?

दूध स्वस्त हवे ही आपली मागणी, आणि त्या स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजतोच. आपण शेतकऱ्यावर ढकलतो, शेतकरी गाईवर ढकलतो, आणि शेवटी ती अशा एका जिवावर येऊन पडते ज्याला पुढे ढकलण्यास कोणी उरलेला नाही. म्हणून ज्याचे दूध आपण पितो ते आपले जनावर होय, असेच मानले पाहिजे. पौलाने जो हक्क पाळणाऱ्याला दिला तो आपण पैसे देऊन घेतला आहे. हक्काबरोबर पालनाची जबाबदारीही आपल्या पदरात आली आहे.

मग दूध सोडावे काय?

काही जण सोडतात. त्यांची चेष्टा करण्याचा अधिकार आपणांस नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, हा रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाचा बोध या बाबतीत तंतोतंत लागू पडतो. परंतु देवाने जे दान म्हणून दिले ते सर्वांनी टाकावे असा नियम घालण्यास शास्त्राचा आधार मला दिसत नाही. आपल्या देशात तर गरिबाच्या मुलाच्या ताटातील दूध हे पुष्कळदा त्याचे एकमेव सकस अन्न असते; आणि उद्या साऱ्यांनीच दूध सोडले तर प्रथम उपाशी पडेल ती दोन गाई बाळगणारी विधवा.

तेव्हा प्रश्न दूध प्यावे की न प्यावे एवढाच राहत नाही. कोणाच्या चालीने चालावे, हा प्रश्न आहे. बाजाराच्या मागणीच्या चालीने, की पाजणारीच्या पावलाने?

पाजणारीच्या पावलाने चालणे म्हणजे काय, हे गोठ्याच्या भाषेत सांगता येते. पहिला चीक वासराचा. गोऱ्हा असो वा कालवड, दोघांनाही पाजावयाचे. गाभण गाईला वेताआधी दोन महिने आटवावयाचे. सुई टोचून पान्हा काढावयाचा नाही. भाकड झालेल्या गाईला रात्रीच्या अंधारात परगावच्या रस्त्यावर सोडावयाचे नाही. अलीकडे लिंगनिर्धारित रेतमात्रा उपलब्ध झाल्या आहेत. त्यांनी बहुतांशी कालवडीच जन्मास येतात. नको असलेला जीव जन्मासच न घालणे हे त्याला जन्म देऊन उपाशी मारण्यापेक्षा निश्चित बरे. परंतु जो गोऱ्हा आज दावणीला उभा आहे त्याच्याविषयीचे आपले देणे कोणतेही तंत्र फेडू शकत नाही.

आणि जे गोठ्यात नाहीत त्यांच्यासाठी? ज्या मंडळ्यांची वसतिगृहे, दवाखाने, अनाथाश्रम आहेत, तेथे रोज दूध लागते. ते कोठून येते, तेथे वासरे कशी आहेत, हे समितीने एकदा जाऊन पाहावे. वासराला पाजणाऱ्या शेतकऱ्याला लिटरमागे चार रुपये अधिक द्यावेत, आणि ते दान न समजता दुधाची खरी किंमत समजावी. ज्या ग्रामीण मंडळ्यांकडे पडीक जमीन आहे त्यांनी दोनचार भाकड गाई व गोऱ्हे सांभाळण्याचा विचार करावा. शेणखतालाही आज मागणी आहे. अमेरिकेतील डॅन वेस्ट नावाचा ब्रदरेन पंथाचा शेतकरी स्पेनच्या यादवी युद्धात भुकेल्या मुलांना दूध वाटण्याच्या कामावर होता. पेलाभर दूध देण्याऐवजी गायच का देऊ नये, असे त्याच्या मनात आले. त्यातून १९४४ मध्ये कालवडी पाठवण्याचे कार्य सुरू झाले. त्यात अट एकच, की ज्याला कालवड मिळेल त्याने तिची पहिली कालवड दुसऱ्या गरजू घराला द्यावी. त्या योजनेत वासरू हा दुधाच्या धंद्यातील अडथळा नव्हता. दानाचा पुढचा दुवा वासरूच होते.

निर्भेळ दूध

दुधाविषयी आपल्या घरांत सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, दूध शुद्ध आहे ना? पाणी तर नाही ना घातले? पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:२) नवजन्म पावलेल्यांनी कोणत्या दुधाची ओढ धरावी हे सांगताना 'आदोलोन' हा ग्रीक शब्द वापरला आहे. त्या काळच्या व्यवहाराच्या कागदपत्रांत हा शब्द भेसळ नसलेल्या धान्यासाठी येतो. त्याचा अक्षरशः अर्थ मात्र 'ज्यात कपट नाही ते' असा आहे. पेत्र अर्थातच आध्यात्मिक दुधाविषयी बोलतो. परंतु ज्याने हे रूपक निवडले त्याला ठाऊक होते की दुधात भेसळ होते, आणि भेसळ म्हणजे कपट.

आपण लॅक्टोमीटर लावून पाणी शोधतो. पेंढा भरलेल्या वासरापुढे सोडलेल्या पान्ह्यात पाण्याचा थेंबही नसतो, फॅटही पुरेसे भरते. तरी त्या दुधाला कपटरहित म्हणता येईल काय? त्यात एका आईला फसवलेले आहे. सुईने ओढलेल्या दुधातही फसवणूक आहे, आणि ज्याचा वाटा हिरावून भांडे भरले त्या गोऱ्ह्याचीही आहे. या भेसळीला कोणतेही यंत्र नाही. ती ओळखण्यासाठी देवाने विवेक दिला आहे.

आपल्या मुलांनी हे प्रश्न विचारले तर त्यांना हसून उडवू नका. ती मुले नकळत त्या मेंढपाळाच्या मागे चालू लागली आहेत, जो कोकरांना उराशी धरतो आणि पाजणाऱ्यांना सांभाळून नेतो. त्याची चाल सावकाश आहे. त्याच्याबरोबर चालावयाचे असेल तर आपणांसही आपला वेग थोडा कमी करावा लागेल, आणि दुधासाठी थोडे अधिक मोलही द्यावे लागेल.